दिवा राजश्रीकडे होता

माझी बायको राजश्री गेली त्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

कँटीनच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. कोणत्या हॉलमध्ये दिवा कोणाकडे आहे आणि मेळ किती टक्के आहे, ते त्यावर दिसतं. दुपारी मी डबा उघडला आणि पडद्यावर तिचं नाव आलं. राजश्री चौगुले, पॅकिंग हॉल, मेळ शहाण्णव. आमच्या कारखान्यात एवढा आकडा कधी कोणाचा आला नव्हता. थोड्या वेळाने तिच्या नावापुढे लेबलिंगचा हॉलही आला. म्हणजे मशीनने दोन्ही हॉल तिच्या हातात दिले होते.

"अण्णा, आता पार्टी पाहिजे," भरमू ओरडला. भरमू बॉयलरवरचा माझा जोडीदार. "घरात कोण बोलतंय आन् कोण ऐकतंय, ते आज सगळ्या कंपनीला कळलं."

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "उद्या जिलेबी आणतो." मग खाली बसून जेवलो. तिनेच केलेली वांग्याची भाजी होती. सगळी खाल्ली.

डबा बंद करत होतो तेव्हा सारिका मगदूम पळत आली. ती राजश्रीच्या शेजारच्या टेबलावर काम करते, तिला अक्का म्हणते आणि मला दाजी. डोक्यावर हॉलची पांढरी टोपी तशीच होती, पायात हॉलचे मोजे तसेच. ते घालून बाहेर यायला मनाई आहे. मला वाटलं, ही पण पार्टी मागायला आली.

"दाजी, चला. अक्का उठत नाहीत."

राजश्री स्टुलावर बसली होती. पाठ खांबाला टेकलेली, हात मांडीवर. मनगटाच्या पट्ट्यावर हिरवा दिवा लागलेला. बायका थोड्या अंतरावर गप्प उभ्या होत्या, मोठ्या माणसाचा डोळा लागला की उभ्या राहतात तशा. मी तिला हात लावला आणि मला कळलं. डॉक्टरांनी मिरजेच्या दवाखान्यात नंतर सांगितलं, पण मला तिथेच कळलं.

पडद्यावर तेव्हाही तिचंच नाव होतं. ठोका सापडला नाही की पट्टा शेवटचा आकडा काही वेळ धरून ठेवतो, हे मला नंतर समजलं. रुग्णवाहिका गेटबाहेर पडली तेव्हा दिवा विझला. गेटबाहेर पट्टा चालत नाही.

ज्यांच्याकडे मेळ अजून आलेला नाही त्यांच्यासाठी तो काय आहे ते सांगतो. मी बॉयलरवरचा माणूस आहे, मला कळलं तेवढंच सांगेन.

आमच्या कंपनीत सलाइनच्या बाटल्या होतात. मी लागलो तेव्हा घोरपडे नावाचे फोरमन होते. ते शिव्या द्यायचे. पण शिव्या कोणाला द्यायच्या तेही आम्हाला माहीत होतं. पुढे घोरपडे गेले आणि टीम लीडर आले. मग टीम लीडरचे कोच झाले. कोच हुकूम देत नसत, प्रश्न विचारत. मी सांगायचो, वाफेचा व्हॉल्व्ह गळतोय. कोच विचारायचे, "तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं?" मी म्हणायचो, मला वाटतं तो गळतोय. मग पुण्याहून कोणीतरी आलं आणि म्हणालं, नेता म्हणजे सेवक. त्या वर्षी अधिकाऱ्यांनी आम्हाला कँटीनमध्ये पुरणपोळ्या वाढल्या. व्हॉल्व्ह गळतच होता. शेवटी कंपनीने ठरवलं, साहेब हा प्रकारच नको. आणि मेळ आला.

मेळ सांभाळणारा तौफिक मुजावर मिरजेचा आहे. शिकलेला पोरगा, पण बोलतो साधं. त्याने एकदा चहा पिताना मला सगळं समजावलं होतं. माणसं एकत्र काम करतात तेव्हा त्यांची शरीरंही एकमेकांना धरून चालतात. भजनाला बसलेल्यांचा श्वास जुळतो आणि श्वासाबरोबर ठोकेही बरोबर वरखाली होतात, हे फार पूर्वी मोजून झालंय. कामाची घाई झाली की सगळ्यांचे ठोके वाढतात. पण गटात एखादा माणूस असतो, त्याचे फारसे वाढत नाहीत. आणि बाकीच्यांचे वाढलेले ठोके हळूहळू त्याच्या चालीवर येतात. कोणाला न विचारता, कोणाच्या लक्षात न येता. तौफिक म्हणाला, "अण्णा, गट मनातून ज्याच्या मागे असतो तो हा माणूस. खुर्ची कोणाला दिलीय त्याच्याशी काही संबंध नाही."

पट्टा मनगटावरून ठोके मोजतो, घाम मोजतो. मशीन दर मिनिटाला हिशोब करतं की आत्ता सगळ्यात स्थिर कोण आणि बाकीचे कोणाच्या चालीवर येतायत. त्याच्या पट्ट्यावर हिरवा दिवा लागतो. दिवा ज्याच्याकडे, निर्णय त्याचा. लाइन थांबवायची की पळवायची, सुट्टी कधी, घरी कोणाला सोडायचं, सगळं. दिवा गेला की अधिकार गेला.

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नाही. राजश्री दहावी शिकलेली. घोरपड्यांच्या काळात तिला कोणी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती. मेळ आला आणि पहिल्याच महिन्यात दिवा तिच्याकडे आला. एकदा झाकणं नीट बसत नव्हती म्हणून तिने गाडी गेटवर उभी असताना बाटल्यांचा अख्खा लॉट अडवला. पुण्याहून अभिनंदनाचा फोन आला. घरी मी चहासाठी ओरडलो की ती विचारायची, "दिवा कोणाकडे आहे?" मी तापट माणूस. माझ्या पट्ट्यावर दिवा कधीच लागला नव्हता. भरमू म्हणायचा, अण्णांच्या पट्ट्यात दिवा बसवायला विसरलेत.

मेळबरोबर दोन रीती आल्या. एक, रोज सकाळी वर्तुळ. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, एकेकाने आपलं काय चाललंय ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी एकच शब्द म्हणायचा, "ऐकलं." सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. जुने साहेब लोक कोणाचं पुरतं ऐकून घेत नसत, म्हणून ही रीत. दुसरी, दिवा असलेल्या माणसाला मध्येच टोकायचं नाही. त्याच्या शांतपणावर सगळे चाललेले असतात.

जायच्या दोनेक महिने आधी राजश्रीला धडधड व्हायला लागली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी दिली. तिने वर्तुळात सांगितलं, "मला ठोके कमी करायची गोळी सुरू झालीय." सगळे म्हणाले, ऐकलं. सारिका त्या वर्तुळात होती, तिनेच मला हे सांगितलं.

त्यानंतर दिवा राजश्रीकडून हलेना. दिवा असला की पुढची पाळी येऊन सुरळीत होईपर्यंत थांबावं लागतं. ती उशिरा घरी यायची, चप्पल काढून पायरीवरच बसायची. म्हणायची, "मी काही करत नाही ओ, तरी दिवा जात नाही. आता नको वाटतंय." मी म्हणालो, सांग की तसं. तिने सांगितलं. वर्तुळात सांगितलं. सगळे म्हणाले, ऐकलं.

मिरजेचे डॉ. हिरेमठ हृदयाचे डॉक्टर आहेत. तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. तौफिकने त्यांना पट्ट्यावरची नोंद दिली होती. संगणकावर एक रेघ होती. डावीकडे वरखाली, उजवीकडे खाली खाली जात गेलेली.

"चौगुले, बसा," ते म्हणाले. "हृदयात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विजेचा संदेश जातो. त्या वाटेत यांना आधीपासून बिघाड असणार. गोळी ठोके मंद करते, तिने ती वाट आणखी मंद केली. ही गोळी घेणारा माणूस घाबरला तरी ठोके फारसे वाढत नाहीत."

"म्हणजे मशीनला वाटलं ती शांत आहे."

"होय. आणि त्या दिवशी वाट जवळजवळ बंदच पडली. ठोके चाळीस झाले, मग तीस. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस ओरडत नाही. गप्प होतो. बसून राहतो."

"बायका म्हणाल्या, अक्का निवांत बसल्या होत्या, म्हणून आम्हालाही बरं वाटलं. लेबलिंगकडची मशीन अडली होती, सगळी गडबड होती, आणि अक्का बसलेल्या बघून आम्ही थंड झालो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणूनच आकडा वाढत गेला. यांचे ठोके कमी होत होते आणि यांच्याकडे बघून बाकीच्यांचेही. मशीनच्या हिशोबाने या आजवरच्या सगळ्यात चांगल्या नेत्या होत्या."

मी विचारलं, "वाचली असती?"

"कोणी जवळ जाऊन नुसतं विचारलं असतं ना, की बाई, काय होतंय, तरी त्यांना उत्तर देता आलं नसतं आणि लोकांच्या लक्षात आलं असतं. पेसमेकर बसवला असता. आज घरी असत्या."

मी त्या रेघेकडे बघत बसलो. जिथे ती सगळ्यात खाली गेली होती, तिथेच आम्ही कँटीनमध्ये टाळ्या वाजवत होतो.

विम्याचे पैसे न मागता आले. मला त्याबद्दल तक्रार नाही. मला एकच गोष्ट हवी होती. मशीन मंद ठोक्याला शांतपणा समजतं, ते बदला. ठोके एका हद्दीखाली गेले की दिवा काढून घ्या आणि माणूस पाठवा. एवढंच. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये. हे सांगायला मी कामावर परत गेलो त्याच दिवशी ऑफिसात गेलो.

तिथे ईशानी देवस्थळी होत्या. त्या संवादक आहेत, म्हणजे कामगारांशी बोलायला कंपनीने नेमलेल्या, पुण्याहून येतात, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या उठून उभ्या राहिल्या, मला पाणी दिलं.

"मला साहेबांना भेटायचंय," मी म्हणालो.

"आपल्याकडे साहेब कोणी नाही, महावीरजी."

"मग कोण आहे?"

"आपण सगळेच आहोत."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मारलं का तिला?"

त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं, मी खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी आपण वर्तुळ करूया का?"

वर्तुळ झालं. सोळा-सतरा माणसं गोल उभी राहिली. मी सगळं सांगितलं. गोळी सांगितली, रेघ सांगितली, काय बदलायचं ते सांगितलं. आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "ऐकलं."

"ऐकलं म्हणू नका," मी ओरडलो. "करतो म्हणा. नाही तर करत नाही म्हणा. जा म्हणा. शिव्या द्या. काहीतरी बोला की!"

माझा पट्टा लाल झाला. पट्टा लाल झाला की आपोआप थोडी विश्रांती मिळते. एका पोराने मला हाताला धरून विश्रांतीच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर समुद्राचं चित्र आहे आणि लाटांचा आवाज येतो. मी तिथे बसून राहिलो आणि मला घोरपड्यांची आठवण आली. त्या माणसाची गचांडी धरता आली असती.

मग तौफिककडे गेलो.

"अण्णा, बदल अर्ध्या तासाचा आहे," तो म्हणाला. "मी लिहूनसुद्धा ठेवलाय. पण लावू शकत नाही."

"का?"

"ज्या हॉलसाठी बदल, तिथे दिवा ज्याच्याकडे आहे त्याने सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे, आणि बदल लागेपर्यंत मेळ ऐंशीच्या वर राहायला पाहिजे. मेळ टिकला म्हणजे सगळ्यांना मान्य आहे असं धरतात."

"पुण्याला सांग की मग."

"सांगितलं. पुण्यातसुद्धा मेळच आहे. मंगळवारी दिवा एका मॅडमकडे होता, त्यांना एकदम पटलं. त्या हुकूम लिहायला बसल्या आणि मध्येच दिवा दुसऱ्याकडे गेला."

"मग त्या दुसऱ्याला सांग."

"त्यांना सांगेपर्यंत तिसऱ्याकडे गेला, अण्णा."

मला हसू आलं. राजश्री गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि हसताना राग इतका आला की टेबलाला लाथ मारली. तौफिकने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"हे बघा. काय दिसतंय?"

पॅकिंग हॉल. गेल्या तीन आठवड्यांत दिवा कोणाकडे किती वेळ. जवळजवळ सगळा वेळ एकच नाव होतं. सारिका मगदूम.

"ती पण गोळी घेते?"

"ते मी विचारू शकत नाही. तुम्ही विचारा."

सारिका कुपवाडला एमआयडीसीच्या मागे राहते. मी संध्याकाळी गेलो. तिचा नवरा प्रमोद टेम्पो चालवायचा. आता टेम्पो ड्रायव्हरशिवाय आपले आपणच चालतात, म्हणून तो घरीच असतो. त्याने खुर्ची पुसून दिली.

"गोळी ना? घेते की," सारिका म्हणाली. "अर्धशिशीची. आता डोकं दुखत नाही बघा."

नाव विचारलं. राजश्रीचीच गोळी. डोकेदुखीवरही तीच देतात.

मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिने पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलं.

"दाजी, अक्कांच्या हृदयात आधीपासून खराबी होती. माझ्या नाही."

"तुला कसं माहीत? तिला तरी कुठे माहीत होतं? एकदा ईसीजी काढ. मी येतो बरोबर."

"काढते की. पण ते दिव्याचं तुम्ही काढू नका."

"का?"

तिने लाटणं खाली ठेवलं. "बघा, मी हॉलमध्ये तेरा वर्षं आहे. घोरपड्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर रडवलं होतं, बाथरूमला जास्त वेळ लागला म्हणून. आता मी लाइन थांबव म्हटलं की थांबते. ह्यांनाच विचारा, हे सुद्धा घरात मला विचारून करतात आता."

प्रमोद म्हणाला, "खरं आहे, दाजी. घरातसुद्धा दिवा हिच्याकडंच आहे."

"आन् तुम्ही म्हणताय, ते सगळं गोळीमुळं," सारिका म्हणाली. "म्हणजे माझ्यात काहीच नाही, असं की नाही?"

मी तसं म्हणालो नव्हतो, पण मशीन सुधारलं की अर्थ तोच निघत होता. ती मला जेव म्हणाली. मी जेवलो नाही.

त्यानंतर मी जे केलं ते डॉक्टरांना विचारून केलं नाही. कोणी तसं करू नये.

मी पॅकिंग हॉलमध्ये बदली मागितली. दुःखातल्या माणसाने मागितलेलं काम द्यायचं, असा नियम आहे, लगेच मिळाली. खोकी उचलायचं काम. आणि राजश्रीच्या उरलेल्या गोळ्या घरात फ्रीजवर होत्या, त्या मी घ्यायला लागलो. सकाळी एक, संध्याकाळी एक. हातपाय गार पडायचे. जिना चढताना दम लागायचा. पण राग मस्तकात गेला तरी छातीत धडधड होत नव्हती. हे विचित्र वाटतं. आत सगळं पेटलेलं आणि पट्टा म्हणतो, हा माणूस निवांत आहे.

तरी दिवा सारिकाकडेच राहायचा. एके दिवशी ती डबा खायला गेली आणि तेवढ्यात लाइनवर बाटल्या अडकल्या. बायकांची पळापळ झाली. मी खोकी ठेवून मशीन बंद केली, अडकलेल्या बाटल्या काढल्या. त्या माझ्याकडे बघत हळूहळू थांबल्या. मनगटाला हिरवा उजेड दिसला. माझ्याच मनगटाला.

"अग्गोबाई, अण्णांचा दिवा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या.

"लाइन चालू करू नका," मी म्हणालो. "तौफिकला बोलवा."

तौफिक पळत आला. हातात त्याचा पाटीएवढा छोटा पडदा. "मेळ चौऱ्याऐंशी. बोला अण्णा. बदल काय ते थोडक्यात सांगा, आणि मग मी 'लागलं' म्हणेपर्यंत पुढे काही बोलू नका."

आता विचार केला की वाटतं, मी कागदावर लिहून नेलं असतं तर काम झालं असतं. ठोके अमुक हद्दीखाली गेले की दिवा काढा, माणूस पाठवा. दोन ओळी. पण समोर तो खांब होता आणि मी म्हणालो, "राजश्री तिथे बसली होती. तुम्ही सगळ्या इथे होता. तिने तुम्हाला सांगितलं होतं, गोळी सुरू झालीय म्हणून. कोणी एकीनेसुद्धा विचारलं नाही."

एक बाई रडायला लागली. मग दुसरी.

"अण्णा, ऐंशी," तौफिक हळूच म्हणाला. "थांबा आता."

मी थांबलो नाही. मला थांबता आलं नाही. "नुसतं ऐकलं म्हणालात. ती मरत होती आणि तुम्हाला बरं वाटत होतं."

"बाहत्तर. अण्णा, गेलं."

माझा दिवा विझला. डबा खाऊन सारिका दारातून आत येत होती. तिच्या मनगटावर तो लागला. हॉलमध्ये एकटी तीच स्थिर होती, कारण गोळीने तिचे ठोके वाढूच दिले नव्हते. बायकांनी तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले. तौफिकचा आकडा परत चढायला लागला. पंचाहत्तर. एकोणऐंशी. त्र्याऐंशी.

"ताई," तौफिक तिला म्हणाला, "अण्णांचा बदल इथे तयार आहे. तुम्ही हो म्हणा. फक्त हो."

सारिका माझ्याकडे बघत राहिली. तिला राजश्रीची माया होती, मला माहीत आहे. राजश्रीला न्हाऊ घालताना ती पुढे होती. तिने गेटकडे बघितलं. गाडी लागलेली होती. तिने थांबलेल्या लाइनकडे बघितलं.

"आधी लॉट जाऊ दे, दाजी," ती म्हणाली. "मग बघू."

घोरपडे हेच म्हणायचे. अगदी असंच, माणसाकडे न बघता. पण घोरपड्यांशी भांडता यायचं, कारण ते तिथे उद्याही असायचे. मी म्हणालो, "सारिका, तुझ्यासाठीच करतोय गं मी."

"मला कळतंय ओ. लॉट जाऊ दे."

लाइन सुरू झाली. मेळ नव्वदच्या वर गेला. मी खोकं उचलायला वाकलो आणि डोळ्यापुढे अंधारी आली.

डॉ. हिरेमठांनी मला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि इतके बोलले की घोरपडे बरे. "दुसऱ्याची गोळी? अक्कल कुठे ठेवली होती? बायको गेली म्हणून तुम्हीही जाणार का?" मी म्हणालो, बोला डॉक्टर, बोला. किती दिवसांनी कोणीतरी मला असं बोलत होतं. गोळ्या त्यांनी काढून घेतल्या.

लॉट गेला. त्याच्यामागे दुसरा आला. सारिकाने नंतर मला दोनदा सांगितलं की ती विषय काढणार आहे. पण विषय काढला की बायका रडतात, मेळ पडतो आणि मग काहीच होत नाही. ईशानीबाईंनी या विषयावर पुण्यात एक मोठं वर्तुळ घेतलं. त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवलं. चांगलं बोलल्या त्या. शेवटी सगळे ऐकलं म्हणाले.

आता मी हॉलमध्येच काम करतो. दिवा माझ्याकडे परत आलेला नाही, येणारही नाही. मी एक नियम रोज मोडतो. खोकी घेऊन जाता-येता सारिकाजवळ थांबतो आणि विचारतो, "कशी आहेस?" दिवा असलेल्या माणसाला टोकायचं नाही, तरी विचारतो. ती वैतागते. "बरी आहे ओ दाजी, किती वेळा विचारताय? काम करू द्या की." वैतागून बोलली की मला बरं वाटतं. गेल्या आठवड्यात एकदा तिला उत्तर द्यायला वेळ लागला. मी खोकं टाकून तिचा खांदा हलवला. ती म्हणाली, "हिशोब करत होते ओ." बायका हसल्या. मी हसलो नाही.

संध्याकाळी तिला घरी सोडायला जातो तेव्हा ईसीजीचं विचारतो. या रविवारी पाहुणे होते. त्याच्या आधीच्या रविवारी प्रमोदच्या मामांकडे लग्नकार्य होतं. डॉक्टर पैसे घेणार नाहीत, वेळ त्यांनी दिलेली आहे.

तौफिकने लिहिलेला बदल तयार आहे, तो अजून लावलेला नाही. सारिकाचा ईसीजी अजून काढलेला नाही.